रक्तसाक्षींची चरित्रे आणि केडगावच्या पंडिता रमाबाई

श्रोतेहो, पत्रिकेत विषय छापला आहे ‘प्राचीन ख्रिस्ती संतांची चरित्रे’. काहींच्या मनात आलंच असेल की हे सगळं रोमचं, कार्थेजचं, अठराशे वर्षांपूर्वीचं. शिरूर-दौंडकडच्या माणसाला त्याचं काय? तर आधी एवढंच सांगतो की दौंडच्या एका शाळेला सेंट सेबॅस्टियनचे नाव आहे. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकापासून होते. आणि शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने निघून पारगावला भीमा ओलांडली की चौफुला, आणि तिथून हाकेच्या अंतरावर केडगाव. त्या केडगावात जिचे चरित्र संतचरित्राच्या साच्यात घालून पुन्हा पुन्हा लिहिले गेले अशी एक बाई राहिली, तिथेच वारली. तिच्याकडे आम्ही येणारच आहोत, पण थोडा वळसा घेऊन. तो साचा कुठून आला हे पाहिल्याशिवाय केडगावच्या चरित्रांचे नीट वाचन होत नाही, असे आमचे मत आहे.

धर्मासाठी प्राण देणाऱ्याला मराठी ख्रिस्ती लोक ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे हा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच, कोर्टात उभा राहतो तो. आता कोर्टाची पायरी चढलेल्याला ठाऊक असतं की साक्षीदार बोलतो एक आणि कारकून टिपून घेतो ते दुसरंच असू शकतं. संतचरित्र वाचताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: हा आवाज साक्षीदाराचा, की टिपून घेणाऱ्याचा?

सेबॅस्टियनचेच बघा. त्याचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते, खांबाला बांधलेला तरुण आणि अंगभर बाण. बाणांनीच तो मेला असा आपला समज. त्याची जुनी कथा मात्र सांगते की बाणांनी तो मेलाच नाही. मेला समजून सोडून दिलेल्या सेबॅस्टियनला आयरीन नावाच्या विधवेने घरी नेले, त्याची शुश्रूषा केली, तो बरा झाला, पुन्हा सम्राटापुढे जाऊन उभा राहिला आणि मग दांडक्यांनी ठेचून मारला गेला. ही कथाही पाचव्या शतकातली, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. पण तिच्यातही जी आयरीन आहे ती चित्रांतून बहुतेक वेळा गळाली. बाण दिसायला चांगले दिसतात. जखमा धुणारी बाई चौकटीत मावत नाही.

आता पर्पेतुआ. हे प्रकरण जरा सविस्तर घ्यावे लागेल, कारण साऱ्या रक्तसाक्षी वाङ्मयात यासारखा मजकूर दुसरा नाही.

सन २०३. उत्तर आफ्रिकेतले कार्थेज. पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पिणारे मूल असलेली. बाप्तिस्म्याची तयारी चालू असताना तिला पकडले. तिच्याबरोबर आणखी काही जण, त्यांत फेलिसितास नावाची एक गुलाम बाई, आठ महिन्यांची गरोदर. ७ मार्चला या सर्वांना रिंगणात जनावरांपुढे सोडण्यात आले. त्याआधी तुरुंगात पर्पेतुआने स्वतःच्या हाताने रोजनिशी लिहिली आणि ती टिकली. एका अनाम संपादकाने तिला पुढे प्रस्तावना जोडली, मागे मृत्यूचे वर्णन जोडले. पण मधला भाग तिचा आहे. तो वाचताना भाषा एकदम उतरते, म्हणजे व्यासपीठावरून खाली येऊन ओसरीवर बसते.

काय लिहिते ती? तुरुंगातल्या काळोखाची भीती वाटली असे लिहिते. गर्दी, उकाडा, शिपायांची दांडगाई. बाळाची काळजी पोखरत होती, आणि बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाल्यावर तोच तुरुंग राजवाडा वाटू लागला, असे लिहिते. आणि बाप. बाप पुन्हा पुन्हा येतो. पहिल्यांदा चिडून येतो, तेव्हा ती त्याला एक भांडे दाखवून विचारते की याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का. तशी मीही जी आहे तीच आहे. पुढच्या वेळी तो रडत येतो, पांढऱ्या केसांची दया कर म्हणतो, लेकीचे हात धरतो, पाया पडतो. सुनावणीच्या वेळी अधिकारी हिलारियानस त्या म्हाताऱ्याला छडीने मारायला लावतो, आणि ती लिहिते की तो मार आपल्यालाच बसला असे वाटले. बापाचे ती ऐकत नाही. पण बापाला ती दुष्टही ठरवत नाही. आमच्या मते या मजकुराचे मोठेपण इथे आहे. श्रद्धा पक्की, आणि तरी पोटात कालवतंय, दोन्ही एकाच पानावर.

शेवटी ती लिहिणे थांबवते, आणि उद्या रिंगणात जे व्हायचे ते ज्याला लिहायचे असेल त्याने लिहावे असे म्हणून मोकळी होते. ते लिहायला लोक पुढे आलेच. पहिला तो संपादक. त्याने तिचे शब्द जपले यासाठी त्याचे उपकार मानले पाहिजेत. पण नंतर कुणीतरी या कथेची छोटी, सुटसुटीत आवृत्ती केली. चर्चमध्ये वाचायला सोयीची असावी. तिच्यात काय झाले बघा. रोजनिशीत पर्पेतुआच्या नवऱ्याचा पत्ताच नाही. छोट्या आवृत्तीत नवरा हजर झाला, कारण सभ्य बाईला नवरा हवा. आणि दुसरे फार वाईट. आई-बाप, नवरा विनवण्या करतात तेव्हा ही नवी पर्पेतुआ मांडीवरचे मूल बाजूला फेकते, सगळ्यांना दूर लोटते आणि शुभवर्तमानातले धिक्काराचे शब्द त्यांच्या तोंडावर मारते. जिला बाळामुळे तुरुंग राजवाडा वाटला, तिच्याच हातून बाळ फेकवले! संत जितका थोर करायचा तितका तो निर्दय करावा लागतो, अशी या चरित्रकारांची समजूत दिसते.

हे फक्त ख्रिस्ती लोकांचे आहे असे कुणी समजू नये. ताहराबादच्या महिपतीबोवांनी ‘भक्तविजय’ लिहिला १७६२ मध्ये. तुकोबांना जाऊन तेव्हा शतक उलटून गेले होते. महिपतीवर आमचा जीव आहे, ते गोष्ट सांगावी तर अशी सांगतात. पण त्यांच्या ओव्यांतला तुकोबा आणि स्वतःच्या अभंगांतला, चरफडणारा, देवाला शिव्या घालणारा तुकोबा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हातांतला फरक कळतो.

तर आता भीमा ओलांडू.

पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि तिने लेकीला. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भारतभर. कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे बाप्तिस्मा. मग अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, ते पुण्याला हलवले, १८९३ चे वादळ, आणि मग केडगावचे माळरान. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-बाया, आणि त्यांच्यासाठी उभे राहिलेले मुक्ती सदन. ५ एप्रिल १९२२ ला मृत्यू. ही माहिती इथल्या बहुतेकांना आहे, म्हणून भरभर सांगितली.

या आयुष्याचे दोन मजकूर आपल्यापुढे आहेत आणि दोन्ही त्यांच्याच हातचे. एक, १९०७ ची ‘माझी साक्ष’. दुसरा, त्यांनी इंग्लंडमधल्या काळात आणि पुढे लिहिलेली पत्रे. आमचा आजचा मुद्दा या दोहोंतल्या अंतराचा आहे.

‘माझी साक्ष’ हे जाणीवपूर्वक लिहिलेले साक्षीचे पुस्तक आहे. नाव तेच सांगते. पहिला भाग, आईवडिलांचा आणि दुष्काळाचा, मराठीतल्या कोणत्याही आत्मचरित्राशेजारी ठेवावा असा आहे. तीर्थे केली, उपास केले, दाने दिली, मूर्तीपुढे बसून पुराणे वाचली, आणि शेवटी पोटात अन्न नाही. मरणाच्या दारातला बाप लेकीला देवाच्या हाती सोपवून निरोप देतो. इथे पर्पेतुआचा बाप आठवतो. एक बाप लेकीला धरून ठेवतो, दुसरा सोडून देतो, आणि दोघी लेकींना तो जन्मभर पुरतो. पण इंग्लंड आले की पुस्तकाची चाल बदलते. लेखणी आता ठरलेल्या वाटेने जाते: बाप्तिस्मा झाला पण तारण गवसले नव्हते, पंथांचा गोंधळ होता, आठ वर्षांनी खरा उजेड पडला. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून चालत आलेली ही वाट आहे. खोटे काही नाही त्यात. पण त्या आठ वर्षांत जो झगडा झाला तो या पुस्तकात ‘गोंधळ’ या एका शब्दात उरकतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईंनी पंचविशीतल्या रमाबाईंचे संपादन केले आहे, असे आम्ही म्हणू.

तो झगडा पत्रांत आहे. वाँटेजच्या मठात सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. शिष्येने विश्वास ठेवावा, प्रश्न नंतर सुटतील, अशी सिस्टरची रीत. रमाबाई शास्त्र्याच्या घरातल्या, त्यांना पूर्वपक्ष केल्याशिवाय जेवण जात नाही! मुख्य तंटा त्रैक्यावर आणि अथानासियसच्या नावाने चालणाऱ्या विश्वासांगीकारावर. अथानासियस हा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप, पाच वेळा हद्दपार झालेला, मोठा झुंजार माणूस. वाळवंटातल्या अंतोनीचे चरित्र लिहून संतचरित्राचा नमुना घालून देणाराही तोच. त्याच्या नावाच्या त्या विश्वासांगीकारात म्हटले आहे की हे सारे जसेच्या तसे जो मानणार नाही त्याचा नाश ठरलेला. इंग्लंडच्या चर्चमध्ये तो ठराविक सणांना म्हणावा लागे. रमाबाईंनी विचारले, हे बायबलात कुठे आहे? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, आता दुसरे जोखड घ्यायचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. यातली गंमत अशी, की तो विश्वासांगीकार अथानासियसने लिहिलेलाच नव्हता. लॅटिनमधला, त्याच्यानंतरचा, पश्चिमेकडचा मजकूर तो. विद्वानांना हे सतराव्या शतकापासून माहीत होते. म्हणजे संताच्या नावावर दुसऱ्याचा मजकूर खपवून त्या नावाच्या वजनाने पंचविशीतल्या एका विधवेला गप्प बसवायचे चालले होते, आणि ती बसली नाही.

पत्रांत लहानसहान भांडणेही आहेत आणि ती आम्हांला तितकीच मोलाची वाटतात. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नाहीत, यात सिस्टरला जातीचा अभिमान दिसतो. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. मनोरमाला कोणते धर्मशिक्षण द्यायचे ते आई ठरवील, मठ नाही, असे बजावतात. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा लाहोर आणि मुंबईचे बिशप आडवे आले. त्यावरची त्यांची पत्रे तर मुळातूनच वाचावीत. आणि या सगळ्याच्या मागे एक मृत्यू आहे. त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या थोडे आधी वाँटेजमध्येच जीव दिला. परक्या मुलखात सोबतीची बाई अशी गेली, आणि त्यानंतर घेतलेला बाप्तिस्मा हा. चरित्रे या जागी पाय झपझप उचलतात.

ही पत्रे टिकली ती कुणामुळे? सिस्टर जेराल्डिनमुळे. ज्या बाईशी पटले नाही तिनेच ती जमवली, राखली, त्यांवर आपल्या नाराजीच्या टिपा लिहिल्या. ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती छापली. आम्हांला विचाराल तर रमाबाईंचे सर्वांत चांगले चरित्र हेच, चरित्र म्हणून न लिहिलेले. दोन्ही पक्ष हजर आहेत, आणि सिस्टरही खलनायिका वाटत नाही. हट्टी, प्रेमळ, दुखावलेली बाई वाटते.

बाकीच्या चरित्रांबद्दल थोडक्यात. हेलेन डायर यांचे इंग्रजी चरित्र १९०० चे, रमाबाई हयात असतानाचे. दूरदेशीच्या श्रद्धाळू वाचकांसाठी लिहिलेले. प्रार्थना केली आणि मिळाले, प्रार्थना केली आणि मिळाले, असा त्याचा ठेका. दान मागण्यासाठी तो ठेका उपयोगी असेलही, पण केडगावच्या त्या माळावर विहिरी खणल्या, भाजी लावली, हिशेब ठेवले, त्या व्यवहारी बाईला त्यात फार अंग चोरून उभे राहावे लागते. निकोल मॅकनिकल यांचे १९२६ चे पुस्तक कितीतरी वरच्या दर्जाचे. हे गृहस्थ पुण्यात राहिलेले, मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये केलेले. त्यामुळे रमाबाईंकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत मराठी संत आणि ख्रिस्ती संत दोन्ही आहेत, आणि पुस्तकाला ऊब येते. पण त्याच चष्म्यामुळे भांडण शांत झाल्यावरची रमाबाई त्यांना जास्त भावते. मराठीत देवदत्त नारायण टिळकांचे १९६० चे चरित्र आहे, ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’. मराठी वाचकाला हा आधार फार मोठा, श्रमही मोठे. तरी ‘तेजस्विनी’ म्हटले की भोवती प्रभा काढणे आलेच.

आणि विरोधकांना विसरू नका. १८९३ मध्ये पुण्यात जी झोड उठली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने जे लिहिले, त्यातून एक उलटे संतचरित्र तयार झाले. त्यातही रमाबाई सपाटच. तिथे त्या मुली फसवून बाटवणाऱ्या कपटी बाई, इथे देवाच्या हातातले मुके साधन. त्या स्वतः काय विचार करत होत्या हे ऐकायची गरज दोन्हींकडे कुणाला पडलेली नाही.

हे सगळे आज उगाळायचे कशाला, असे कुणी म्हणेल. कारण आहे. इंग्लंडच्या चर्चने आपल्या सणवारांच्या पंचांगात रमाबाईंना जागा दिली आहे, ३० एप्रिल, ‘शास्त्राची भाषांतरकार’ म्हणून. त्याच पंचांगात दोन दिवसांनी, २ मे रोजी, अथानासियस आहे. ज्याच्या नावाचा विश्वासांगीकार म्हणायला ही बाई तयार नव्हती, तो तिचा शेजारी झाला! पंचांगात भांडणे नोंदवायला रकाना नसतो. पण आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीला जी भाषणे होतात त्यांतही तो रकाना नसतो, हे आम्हांला खुपते. शाळेतल्या मुलीला आपण सांगतो की रमाबाई त्यागी होत्या, दयाळू होत्या. पंचविसाव्या वर्षी, परक्यांच्या घरी, परक्यांच्या अन्नावर असताना त्यांनी ‘हे मला पटत नाही’ असे लिहून कळवले, हे तिला कोण सांगणार? त्या मुलीला त्यागापेक्षा याची गरज आधी पडते.

आणखी एक गोष्ट, मग थांबतो. पर्पेतुआबरोबर फेलिसितास होती हे मघाशी सांगितले. तिला तुरुंगात आठव्या महिन्यात मुलगी झाली, ती एका बहिणीने सांभाळली. पण फेलिसितासची रोजनिशी नाही. गुलाम बाई, तिच्याबद्दल आहे ते संपादकाच्या शब्दांत. मुक्ती सदनात १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास मुली-बाया होत्या. त्यांच्या हकिकती अहवालांत येतात, देणगीदारांना कळाव्यात म्हणून सांगितलेल्या: दुष्काळ, उपासमार, सुटका. या केडगावच्या फेलिसितास.

तरी त्यांच्या हाताचे काम एका ठिकाणी अक्षरशः उमटलेले आहे. रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात वाढलेल्या या बाईंनी संस्कृताचे ओझे, हिंदू धर्मग्रंथांचा वास असलेले शब्द मुद्दाम टाळले, आणि शेतात राबणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी धरली. भाषांतर म्हणून ते सगळीकडे चांगले उतरले आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी इतके मुळाला चिकटलेले आहे की मराठी वाक्य धापा टाकते. पण ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळवायला, छपाईला, बांधणीला मुक्तीतल्या मुली होत्या. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत. संपूर्ण बायबल बाहेर पडले ते १९२४ मध्ये, म्हणजे अखेरचे फर्मे त्या मुलींनी बाईंच्या माघारी छापले.